चाचीची येडी गोधडी

आमच्या जुन्नरच्या आळीतल्या चाचीला कापड सरळ कापताच येत नसे. बाई शिंपीमास्तरांची बायको, पण तिनं कापलेला चौकोन बघून चौकोनालाच घेरी यावी.

लेकीचं लग्न ठरलं तशी तिनं गोधडी शिवायला घेतली. आपल्याकडे गोधडी म्हणजे जुनी लुगडी आणि सरळ धावदोरा. हिनं मखमल, रेशीम, किनखापाचे वाकडेतिकडे तुकडे एकमेकांवर चढवले आणि कोपऱ्यात रेशमानं कोळ्याचं जाळं भरलं. दिवाळीला आम्ही जाळी झाडायचो. ही विणत बसली. लहानपणी एका मडमेच्या बंगल्यात तसली पाहिली होती म्हणे. गोधडीची वरची बाजू कुठली, हे शोधता शोधता अर्ध्या आळीच्या माना वाकड्या झाल्या, त्या पुन्हा सरळ झाल्याच नाहीत. ही पांघरायची कशी, मी विचारलं.

"पांगरायची न्हाई, भाऊ. बघायची."

बघता बघताच घोटाळा झाला. बापू गुळवाल्यांना अगदी मधोमध आपल्या लग्नातल्या कोटाची मखमल दिसली. कोट आखूड झाला तेव्हा मास्तर म्हणाले होते, कापडच आटलं. मग पाटलीणकाकूंना त्यांचा खण सापडला, मौलवींना अचकन, न्हाव्याला जाकीट. मास्तर मशीनखाली जाऊन बसले. लग्न तोंडावर, आणि आळी म्हणू लागली, ज्याचं त्याला उसवून द्या.

चाचीनं कात्री बापूंपुढे ठेवली.

"घ्या तुमचं. पन शेजारच्याचं फाटाया नगं."

बापू वाकले. मखमलीची कड काकूंच्या खणाखाली, खण अचकनीखाली, अचकन जाकिटाखाली आणि जाकीट फिरून मखमलीखाली. एकाचं ओढलं की चौघांचं फाटणार. बापूंनी घाम पुसला, कात्री परत दिली, आणि सुटलेला एक टाका तेवढा अंगठ्यानं आत दाबला.

लेक घोडेगावच्या यष्टीत बसली तेव्हा सगळी आळी स्टँडवर. काकू नवरीपेक्षा गोधडीच्या बोचक्याकडे बघून जास्त रडल्या. बापू ड्रायव्हरला बजावत होते, खड्डे चुकवून ने, माझी मखमल आहे.

चाची भोळी होती की पक्की, हे मला ती गेली तरी कळलं नाही. मध्ये घोडेगावला गेलो तर गोधडी भिंतीवर टांगलेली. लेक म्हणाली, "मामा, उलटी तर न्हाई ना लागली? आई सांगायची ऱ्हाऊनच गेली बगा."

मी मान इकडून वाकडी केली, तिकडून केली. कुठूनही बघा, बापूंची मखमल आपली मधोमधच.