चौथी भाकर

मानमोडीच्या साथीत कळसाडीत आमच्या गल्लीतल्या दोन बायका आठ दिवसांत गेल्या. आधी माझी, मग शेजारच्या उखाभाऊंची. उखाभाऊ तेव्हा साठीला टेकले होते. मी त्यांच्याहून दोन वर्षांनी लहान.

माझ्या घरात अकरा माणसे होती. उखाभाऊंचा एकुलता मुलगा शहाद्याला नोकरीत होता. तो बोलवायला आला, पण ते गेले नाहीत. त्यांच्याकडे लाखी नावाची घोडी होती. शिंगरू असताना तिची आई मेली, तेव्हा उखाभाऊंच्या बायकोने तिला शेळीचे दूध पाजून वाढवले होते.

आमच्या दोघांच्या घरांत एकच भिंत होती. पहाटे पलीकडून भाकरी थापल्याचा आवाज येई. तीन भाकरी. दोन त्यांच्या, एक लाखीची. मग लाखीशी बोलणे सुरू होई, पाऊस, कपाशी, गावातली लग्ने. मधूनच ते हसत. मी अंथरुणात पडून ऐकत असे. माझ्याकडे सून येऊन एवढेच म्हणे, "आबा, ताट झाकी ठेयेल शे."

"एकले कसे ऱ्हातस?" असे कोणी विचारले की उखाभाऊ घोडीकडे बोट दाखवत. "एकला कोठे शे मी? हाई काय भूत शे?"

एकदा पारावर मी सगळ्यांदेखत म्हणालो, "उखाभाऊनी चारपायी बायको करी!" लोक हसले. उखाभाऊही हसले. "हां, करी. पन हाई टोमना नही मारत."

त्याच आठवड्यात मी शहाद्याला जाऊन त्यांच्या मुलाला भेटलो. बाप जनावराशी बोलतो, डोके ठिकाणावर नाही, घोडी विकून त्यांना इकडे आणा, असे सांगितले. त्यांच्या डोक्याला काही झालेले नव्हते. मला ते पलीकडचे हसणे सहन होत नव्हते.

मुलाने हट्ट धरला. दत्तजयंतीला उखाभाऊ लाखीला घेऊन सारंगखेड्याच्या यात्रेत गेले. मीही गेलो. तिथे सौदा तोंडाने होत नाही. उपरण्याखाली हात घालून बोटे दाबायची, तोच भाव. बोटे मान्य झाली की माघार नाही. व्यापारी येत होते, उखाभाऊ त्यांची बोटे सोडून देत होते. शेवटी मी उपरण्याखाली हात घातला. घोडी मला हवी होती.

मी बोटे दाबण्याआधीच त्यांनी माझा हात आपल्या मुठीत घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

"हात थंडा शे तुन्हा, भिला," ते म्हणाले. "सकाये भाकर खावाले येत जाय."

मी हात सोडवून घेतला. त्यांनी घोडी विकली नाही. मुलानेही पुन्हा विषय काढला नाही.

दुसऱ्या पहाटे भिंतीपलीकडे चार भाकरी थापल्या गेल्या. मी मोजल्या. त्यानंतर रोज चारच. मी एकदाही गेलो नाही.

दोन वर्षांनी, वैशाखात, एका पहाटे थापण्याचा आवाज आला नाही. मी उठून गेलो. उखाभाऊ चुलीजवळ आडवे झाले होते. परातीत पीठ काढलेले होते. लाखी दाराकडे तोंड करून उभी होती.

तेरावे झाल्यावर मी मुलाकडे घोडी मागितली. त्याने ती दिली.

पुढच्या दत्तजयंतीला मी तिला विकायला यात्रेत नेले. पाच जणांनी उपरण्याखाली हात घातला. पाचही जणांची बोटे मी सोडून दिली. संध्याकाळी लाखी कळसाडीत, माझ्या दारात बांधलेली होती.