काचघरातलं पान

टोमॅटोचं पान मोडलं की त्याचा वास सुटतो. तो मला आला, आणि माझ्या पुढे चालणाऱ्या आनेकेबाईंनाही आला. त्या वाक्य अर्धं सोडून मागे वळल्या.

"कोणी तोडलं?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

भाषांतराची गरज पडली नाही. ग्रुपचे म्होरके नाना एका हातातला मोजा काढून, पान उलटं करून उजेडाकडे धरून उभे होते.

मी नाशिकच्या एका टूर कंपनीत टूर मॅनेजर आहे. हा ग्रुप दिंडोरीकडच्या टोमॅटो उत्पादकांचा, बहुतेक जोडप्यानं आलेले. त्या दिवशी नेदरलँड्सच्या ग्रामीण भागाची सहल होती. सकाळी पवनचक्क्या, मग काचघर, शेवटी चीज फार्म. पवनचक्क्यांपुढे फोटो काढून मंडळी लगेच बसमध्ये येऊन बसली. सगळे आले होते ते काचघरासाठी, आणि दुसरी बॅच यांच्या शब्दावर भरणार होती. निघताना आमचे सर म्हणाले होते, "बाकी काही हुकलं तर बघून घेऊ. काचघर हुकलं तर नाना गावात काय सांगतील?"

आनेकेबाई त्या काचघराच्या मालकीण. आत जाताना त्यांनी सगळ्यांना पांढरे कोट, बुटांवर पिशव्या आणि हातमोजे घालायला लावले. कारण साधं आहे. टोमॅटोवरचा एक व्हायरस हातातून पसरतो. एका झाडाला लागलेला हात मजूर ओळीतल्या शेवटच्या झाडापर्यंत नेतो, आणि काचघरात ओळ म्हणजे अख्खं शिवार. बसमध्ये मी माईकवरून 'नो टच' सांगितलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या.

"व्हिजिट संपली," आनेकेबाई म्हणाल्या. "सगळे बाहेर."

बाहेर आवारात नानांच्या बायकोनं, माईंनी, सुरुवात केली. "घरी भाजीच्या पातेल्यात हात, इथं यांच्या मळ्यात."

"मोजा घालून काय कळतंय?" नाना म्हणाले. "पान दिसतं, पण लागत नाय हाताला."

"ताईंनी सांगितलं होतं ना?" माईंनी माझ्याकडे बोट केलं.

"सांगितलं. पण दुसऱ्याच्या प्लॉटमध्ये जायचं आन पान उलटून बघायचं नाय? त्या बाईला काय वाटंल, ह्यांना शेतीतलं काही कळत नाय."

मखमलाबादला आमचा भाजीचा मळा आहे. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली. म्हणून नाना काय म्हणताहेत हे मला कळलं, आणि ते इंग्रजीत सांगताही आलं. मी आनेकेबाईंकडे गेले.

"तुमचं बरोबर आहे," मी म्हणाले. "आत परत सोडा असं म्हणायला मी आलेली नाही. पण त्यांनी तुमचा अपमान केलेला नाही. आमच्याकडे पाहुणा पान बघतो, तो मालकाला मान असतो."

"त्या मानापायी माझं पीक जाईल."

"हो. म्हणून विचारते. तुम्ही खालची पानं काढता, ती कुठे टाकता?"

त्यांनी शेडमागच्या कंटेनरकडे बोट दाखवलं. "ती कुजायला जातात."

"त्यांना हात लावला तर?"

त्यांनी थोडा विचार केला. "पुन्हा आत पाऊल नाही. एक पानही खिशात नाही. जाताना सगळ्यांनी साबणानं हात धुवायचे."

"कबूल."

काचघराच्या कचऱ्याभोवती मी परदेशातला माझा सगळ्यात रंगलेला कार्यक्रम पाहिला. मंडळींनी मोजे काढले, बाह्या सारल्या. पानं उलटली, देठ मोडून बघितले, एकमेकांच्या नाकापुढे धरले. मग प्रश्न सुरू झाले. पानं कोणत्या घडापर्यंत काढता? ढगाळ हवेत काय करता? आनेकेबाई आधी उभ्यानं उत्तरं देत होत्या, नंतर क्रेट उलटा करून बसल्या. ड्रायव्हर येऊन घड्याळ दाखवून गेला. मी चीज फार्म रद्द केला आणि सरांना फोन लावला.

"काचघर बघितलं?" सर.

"अर्धं. आता कचरा बघतोय."

"कचरा?"

"चीज फार्म रद्द केलाय. कोणी नाव काढत नाहीये."

"नाना कुठे आहेत?" सरांनी विचारलं.

"कंटेनरमध्ये वाकलेत."

"मग असू दे."

निघताना आनेकेबाईंनी मला विचारलं, "ह्या गृहस्थांनी इतकी पानं बघितली. दोष काय सापडला?"

मी नानांना सांगितलं. नाना साबण लावता लावता थांबले.

"दोष कशाला काढू? प्लॉट एक नंबर हाय, सांग त्यांना. आतच सांगणार होतो. पण पान न बघता बोललो असतो तर ते तोंडदेखलं झालं असतं."

मी शब्दाला शब्द सांगितलं. आनेकेबाईंनी नानांशी हात मिळवला. मग लगेच स्वतःचे हात पुन्हा धुतले.

दुसरी बॅच भरली. सरांनी कार्यक्रमपत्रिकेत 'खुल्या आवारात उत्पादकाशी चर्चा' असं छापलं, कचऱ्याचा उल्लेख टाळून. आता मी बसमध्ये 'नो टच' म्हणत नाही. म्हणते, "आत सोवळं आहे. हात लावायचं मागच्या अंगणात." त्यानंतर आत कोणी पान तोडलेलं नाही. माणसाला हात लावू नको म्हणायचं असेल, तर कुठे लाव हेही आधी ठरवून ठेवावं. नाहीतर ते तोच ठरवतो.