परीक्षणकाकू आणि कालयंत्रातले पुरुष

कथेतला नायक कालयंत्रात चढला, की परीक्षणकाकू मांडीवरच्या हेल्मेटवर बोटांनी टकटक करू लागत. वाचणाऱ्या लेखकाचा आवाज तिथेच बसायचा. कोटरा सुलतानाबाद वस्तीतल्या त्यांच्या बाहेरच्या खोलीत, आमच्या हिंदी शहरातल्या मराठी मंडळाचं विज्ञानकथा वाचन भरायचं आणि कथा संपली की तिथल्या तिथे परीक्षण करायचा मान काकूंचा. चहा परीक्षणानंतरच मिळे, त्यामुळे कोणाला पळताही येत नसे.

कालप्रवासाच्या कथांवर त्यांचा जीव होता, म्हणून त्याच कथांवर काकू जास्त चिडत. आजोबाच मेले तर नातू कुठून आला, असल्या कोड्यांत त्यांना रस नव्हता. "यंत्र चालतं, मान्य. पुढे बोला," म्हणत. पुढे प्रश्न एकच. "याने भूतकाळ बदलला, तेव्हा बाकीच्यांना विचारलं का? त्यांचीही वर्षं होती ना ती?" एकदा एक तरुण इंजिनीअर म्हणाला, "काकू, पण तो तर सबका भला करतोय ना!" काकू म्हणाल्या, "मग आधी दार वाजव म्हणावं."

काकूंचे यजमान ऐन तिशीत हृदयविकाराने गेले. नागपूरहून लग्न होऊन आलेली ही बाई तोवर एकटी बँकेतसुद्धा गेली नव्हती. यजमानांच्या ऑफिसात तिला कारकुनाची नोकरी मिळाली. अशोका गार्डनच्या गल्ल्यांत गुडघे फोडून घेत ती स्कूटर शिकली, मुलीला तिने एकटीने वाढवलं. मला स्कूटर त्यांनीच शिकवली, आणि मी पडले तेव्हा आधी स्कूटर उचलली.

काकूंच्या पंचाहत्तरीला मंडळाच्या सचिवांनी त्यांच्यावरच कथा लिहून आणली. सचिव म्हणजे चार इमलीच्या सरकारी बंगल्यात राहणारे मोठे अधिकारी. कथेत एक शास्त्रज्ञ भूतकाळात जातो आणि काकूंच्या यजमानांना वेळेत दवाखान्यात पोचवतो. शेवटी म्हातारे यजमान झोपाळ्यावर बसलेत आणि काकू हसत पोहे घेऊन येतात. अर्धी खोली डोळे पुसत होती.

काकूंनी हेल्मेट खाली ठेवलं. "भाषा ओघवती आहे. पण ही पोहेवाली बाई कोण? मी हिला ओळखत नाही. ह्यांना वाचवायला मी आजही यंत्रात बसेन. पण मी बसेन. काय सोडावं लागेल ते मला ठाऊक असेल आणि ते मी रडून सोडेन. तुम्ही माझी नोकरी पुसलीत, स्कूटर पुसलीत, ही खोली पुसलीत, आणि वर मला हसताना दाखवलंत. एका ओळीत तरी विचारायचं होतं."

गेल्या हिवाळ्यात काकू गेल्या. मंडळाने स्मृतिअंक काढला. पहिल्याच पानावर सचिवांची तीच कथा आणि खाली चौकटीत 'परीक्षणकाकूंचा अभिप्राय : भाषा ओघवती आहे.' शेजारच्या लेखात काकू मृदुभाषी असल्याचं छापलं होतं. मृदुभाषी! माझं डोकंच फिरलं. ज्या बाईने जन्मभर दुसऱ्याची वर्षं खोडणाऱ्यांशी भांडण केलं, तिचं भांडणच ह्यांनी खोडून टाकलं. त्याला यंत्रसुद्धा लागलं नाही.

अंक घेऊन मी तशीच स्कूटरवरून चार इमलीला गेले.

"अगं, गेलेल्या माणसाचं कडू कशाला छापायचं?" सचिव म्हणाले. "छोडो ना. लोकांच्या मनात चांगली आठवण राहू दे."

"काकूंना विचारलं होतं?"

"आता कसं विचारणार?"

"तेव्हा त्यांनी सांगितलं होतं. तुम्ही समोरच बसला होतात."

आतून चहा आला. परीक्षण अजून व्हायचं होतं, म्हणून मी कप बाजूला सरकवला, अंक उघडला आणि त्यांची कथा त्यांनाच पहिल्या ओळीपासून मोठ्याने वाचून दाखवू लागले. हेल्मेट माझ्या मांडीवर होतं. शास्त्रज्ञ यंत्रात चढला आणि मी टकटक सुरू केली.