दोन पुरुष पाण्यातलं माझं जहाज

आमच्या बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही, असं भूगोलवाले म्हणतात. म्हणू द्या. जहाज मात्र बुडालेलं आहे, आणि ते मी बुडवलंय. जळगाव जामोदकडच्या एका धरणात, काठापासून हाकेच्या अंतरावर. लोक त्याला डोंगा म्हणतात. जळतात लोक.

अधिक महिन्यात पलीकडच्या काठावरच्या सासुरवाडीहून आम्ही नवरा-बायको परत येत होतो. सोबत जावयाचं वाण, तेहतीस अनारसे, आणि सासूबाईंनी लेकीला दिलेला पाण्याचा पितळी गुंड, त्यांचं नाव कोरलेला. जाळं कसं फेकतात ते नावाड्याला दाखवायला मी उभा राहिलो. आम्ही तिघे पोहत काठाला लागलो. गुंड नाही लागला.

वर्षभरात सासूबाई गेल्या. तोवर बायको प्रत्येक भांडणात गुंड काढायची. त्यानंतर तिने तो काढणंच सोडलं. ते मला जास्त लागलं.

यंदाच्या उन्हाळ्यात साळा आला. तो कोकणात पर्यटकांना समुद्राच्या तळाशी फिरवून आणतो. येताना हवेचं सिलिंडर घेऊन आला. धरणही उतरलं होतं, डोंग्यावर दोन पुरुष खोल पाणी उरलेलं.

काठावर त्याने सिलिंडर माझ्या पाठीला बांधायला घेतलं. आमच्याकडे विहिरीत पोहणं शिकणाऱ्या पोरांच्या पाठीला रिकामा डबा बांधतात. माझं टाळकं सरकलं.

"काऊन बे, मले पोहता येत नाई का? डबा बांधून राह्यला!"

"भाऊजी, यानं तरंगत नाई, बुडतेत. नळी तोंडात धरा अन् श्वास घेत राहा, बस."

बुडालो. पण विहिरीतली जन्माची सवय. पाण्यात शिरलो की श्वास बंद. नळी दातात दातणासारखी आवळलेली. दम संपला की कमरेला बांधलेली दोरी हलवायची, साळा वर ओढायचा. पहिल्या बुडीत जहाज सापडलं. दुसऱ्या बुडीत गुंड दिसला, पण त्याच्यावर बैलाएवढा मासा राखणीला बसलेला. तिसऱ्या बुडीत मी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो उठून गेला.

मी गुंड घेऊन वर आल्यावर साळ्याने हवेचा काटा पाहिला. "भाऊजी! हे तं भरलंच हाय! श्वास घेतलाच नाई तुमी?"

"पाव्हण्याची हवा फुकट काऊन घालू बे?"

बायकोने गुंड ओढूनच घेतला. चिखल ओतला, काठाच्या वाळूने घासू लागली. एकेक अक्षर उजळलं. आईच्या नावावरून तिने बोट फिरवलं. मी शाबासकीची वाट पाहत ठिबकत उभा.

"अनारसे कुठी हायेत?"

"माशानं खाल्ले. म्हणून तं बैलाएवढा झाला."

ती हसली. डोळे पुसत पुसत हसली. मग गुंड कमरेवर घेऊन निघाली. मी धरायला पुढे झालो.

"तुमी लांबच राहा," ती म्हणाली, "अजून पानी जवळ हाय."