मक्यातले नवरदेव

बोरगावात माझ्या शेताला लागून एका शेजाऱ्यांचं मक्याचं शेत आहे. बाहेरच्या देशातून आलेली लष्करी अळी दरवर्षी मक्याचे पोंगे, म्हणजे मधली कोवळी गुंडाळलेली पानं, पोखरते, म्हणून ते कामगंध सापळे लावतात. सापळ्यातल्या रबरी गोळीला त्या अळीच्या मादी पतंगाचा वास असतो. नर त्या वासाने येतात आणि खालच्या पिशवीत अडकतात. सकाळी पिशवी साबणाच्या पाण्यात झटकताना ते त्या पतंगांशी मोठ्याने बोलतात.

"या नवरदेव! पोरगी पाहाले आले का? पोरगी त नाई जी इथं, नुसता वास हाये."

मग स्वतःच हसतात.

परवा मात्र ते मुकाट्याने पिशव्या झटकत होते. शेती करणाऱ्या त्यांच्या मुलासाठी पांढुर्ण्याचं स्थळ मीच सुचवलं होतं. मुलगी पाहून आले त्याच संध्याकाळी नकार आला. मुलीकडच्यांना नोकरीवालाच हवा होता. ही अट मला आधीच माहीत होती. मुलगा पाहिला की त्यांचं मन बदलेल, असं मी धरून चाललो होतो.

"मास्तर, तुमाले मालूम होतं का?" त्यांनी वर न बघता विचारलं.

"होतं."

पिशवीचं तोंड त्यांनी सावकाश बांधलं.

"पोरगा सकाळपासून आरशात पाहून राह्यला. त्याले वाटते, त्याच्यातच काई खोट हाये. आता त्याले तुमीच सांगा."

मी बांधावरून उतरलो आणि त्यांच्या घराकडे चालू लागलो.