सुतळीचं एक टोक

खोलीला रंग दिला म्हणून स्पीकर हलवले होते. आज ते परत मांडताना खणात ती सुतळी सापडली. सोयाबीनच्या पोत्याची, अजून पोत्याचाच वास असलेली.

आई दर्यापूरहून पहिल्यांदा अमरावतीच्या या खोलीवर आली, तेव्हा मी तिला माझ्या खुर्चीत बसवलं. सुतळीचं एक टोक तिच्या नाकाशी धरायला दिलं आणि दुसऱ्या टोकानं दोन्ही स्पीकर सारख्या अंतरावर आणत राहिलो. ती जरा वळली की मी खेकसायचो, "माय, हालू नको ना!"

मग माइकवर आधी घेतलेलं तिचंच वाक्य लावलं : "बापू, चहा थंडा होऊन राह्यला."

तिनं दोन स्पीकरांच्या मधे पाहिलं. "मधात तं कोणीच नाही. मंग मी कुठून बोलून राह्यली?"

"म्हणजे स्पीकर बरोबर बसले. आवाज मधातूनच आला पाहिजे," मी म्हणालो. तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

आता टोक धरायला आई नाही, म्हणून ते खुर्चीच्या पाठीला बांधलं. अंतर जुळल्यावर खुर्चीत बसून तेच वाक्य लावलं.

"आलो, माय," मी म्हणालो.

आवाज अगदी मधून आला होता. तिथं नुकती रंगवलेली भिंत होती.