जुन्या बोर्डाची बीप

पेणमध्ये गणपतीच्या कारखान्याला लागून एका तरुणाचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. कॉम्प्युटरच्या मदरबोर्डावरची धूळ तो मूर्तीचे डोळे रंगवायच्या ब्रशने झाडतो आणि तेवढा वेळ श्वाससुद्धा रोखून धरतो.

बाबा गेल्यावर त्यांचा कॉम्प्युटर मी नवा प्रोसेसर टाकायला त्याच्याकडे नेला. त्याने आत प्रोसेसर बसतो ते सॉकेट निरखून पाहिलं.

"ह्या बोर्डावर नवा बसायचा नाय, दादा."

"मग बोर्डच बदल."

त्याने स्क्रूड्रायव्हर उचलला, पुन्हा खाली ठेवला आणि कॉम्प्युटर चालू केला. बीप वाजली. रोज दुपारी बाबांच्या खोलीतून ऐकू यायची, तीच.

"हा आवाज बोर्डाचा हाय. नव्यात असा नाय येणार."

मी कॉम्प्युटरवर हात ठेवला. त्याने काही न विचारता कॉम्प्युटर बंद केला आणि परत चालू केला.